‘आम्ही’ की ‘आपण’? : अमेरिकी शपथविधी आणि यंत्रे

अमेरिकेचा नवा अध्यक्ष शपथ घेतो त्या सुमारास एक यादी ठरल्याप्रमाणे छापून येते. आगगाडीने राजधानीत आलेला पहिला नियोजित अध्यक्ष हॅरिसन, १८४१. ज्याच्या शपथविधीची वार्ता तारेवरून गेली तो पोक, १८४५. पहिले छायाचित्र बुकॅननचे, १८५७. पहिले चलच्चित्र मॅकिन्लेचे, १८९७. पहिला ध्वनिक्षेपक हार्डिंगच्या वेळी, १९२१. देशभर रेडिओ कूलिजच्या वेळी, १९२५. बोलता वार्तापट हूवरच्या वेळी, १९२९. दूरचित्रवाणी ट्रुमनच्या वेळी, १९४९. रंगीत दूरचित्रवाणी केनेडीच्या वेळी, १९६१. इंटरनेट क्लिंटनच्या वेळी, १९९७. या सनावळीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या पोटात दडलेल्या गृहीतकाशी. यंत्र सुधारत गेले तसतसा अध्यक्षाचा आवाज अधिकाधिक माणसांपर्यंत पोहोचला, आणि आवाज पोहोचला म्हणजे लोकशाही पोहोचली, असे ही यादी न बोलता सांगत असते. प्रस्थापितांच्या इतिहासलेखनाची ही जुनीच खोड आहे. तो ऐकणाऱ्यांची डोकी मोजतो. बोलणारा कोण आणि कोणाविषयी बोलतो, हे विचारीत नाही.

मी हा प्रश्न भाषेच्या बाजूने तपासू इच्छितो, कारण माझा व्यवसाय भाषा शिकविण्याचा आहे. अध्यक्षाचे शपथविधीचे भाषण हा अमेरिकेत एक वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे आणि त्याचे नमुने आपल्या विद्यापीठांतूनही अभ्यासले जातात. हे उतारे मराठीत आणू लागले की पहिल्याच परिच्छेदात अडचण उभी राहते. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. गावच्या पाटलाने ‘आम्ही ठरवले आहे’ म्हटले की आपली बसायची जागा कोणती ते गावकुसाबाहेरच्या माणसाला बरोबर कळते. तोच पाटील ‘आपण ठरवू’ म्हणाला तर त्याला आधी संशय येतो. इंग्रजीला ही निवड करावी लागत नाही, म्हणून त्या एका शब्दाच्या आडोशाला फार काही लपून राहू शकते. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून विचारावे लागते : यात कोण आहे?

अमेरिकेच्या या समारंभाशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, काळ्यांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. ज्या देशाच्या नावे आपल्या चळवळीचा आद्य ग्रंथ अर्पण झाला, त्या देशाच्या ‘वुई’ची झडती घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मी मानतो. त्या वर्षाकडे मी पुढे येणारच आहे.

आरंभ कागदाने होतो. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील फेडरल हॉलच्या सज्जात जॉर्ज वॉशिंग्टनने शपथ घेतली. खाली रस्त्यात गर्दी होती. गर्दीला शपथ पाहायला मिळाली; भाषण तिच्यासाठी नव्हतेच. ते आत, सिनेटच्या दालनात, लोकप्रतिनिधींपुढे वाचले गेले. त्याचे संबोधनही सिनेट आणि प्रतिनिधिगृहातील सहनागरिकांना उद्देशून आहे. मॅक्ले नावाच्या सिनेटरने रोजनिशीत नोंदले आहे की हा थोर पुरुष थरथरत होता आणि कागद वाचणे त्याला जड जात होते. त्याच वॉल स्ट्रीटच्या नदीकडील टोकाला १७११ पासून १७६२ पर्यंत शहराचा अधिकृत गुलामबाजार भरत असे. ही माहिती यादीत नसते.

पुढे १८०१ मध्ये जेफर्सनने यंत्राचा चतुर उपयोग केला. त्याचा आवाज बारीक होता, पुढच्या काही रांगांपलीकडे ऐकू जात नसे. म्हणून त्याने भाषणाची प्रत सकाळीच एका वृत्तपत्राच्या संपादकाकडे देऊन ठेवली होती. लोक सभागृहातून बाहेर पडतात तो छापील भाषण विक्रीला तयार. आपण सारे एकाच तत्त्वाचे आहोत, पक्ष दोन असले तरी राष्ट्र एक आहे, असा त्याचा आशय. यातला ‘वुई’ म्हणजे दोन पक्षांत वाटले गेलेले मालमत्ताधारक गोरे पुरुष. दुसऱ्या शब्दांत, शुद्ध ‘आम्ही’. परंतु छापील कागद कोणाच्याही हातात पडू शकतो, आणि कागदावरचा ‘वुई’ प्रत्येक वाचकाला आपल्यालाच हाक मारल्यासारखा वाटतो. यंत्राची पहिली करामत ही अशी आहे.

त्याच छापखान्याचे दुसरे कामही पाहावे. मे १७९६ मध्ये ओना जज ही वॉशिंग्टनच्या घरातील तरुण गुलाम स्त्री फिलाडेल्फियाहून निसटली. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांच्या घरातून वृत्तपत्रात जाहिरात गेली : तिच्या रंगरूपाचे, कपड्यांचे वर्णन आणि पकडून देणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस. अध्यक्षाचा शब्द ज्या ठशांनी घरोघर गेला तेच ठसे माणसाची शिकार करण्यासाठी जुळवले गेले. ती हाती लागली नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, मे १८४५ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधील गुलामगिरीविरोधी पत्रात तिची मुलाखत छापून आली. छापखाना तिच्याही कामी आला तो असा. त्यासाठी गुलामगिरीच्या विरोधकांनी स्वतःचे पत्र काढावे लागले होते. ‘मूकनायक’ का निघाला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर अधिक भाष्य नको.

त्या मुलाखतीच्या दोनच महिने आधी, ४ मार्च १८४५ रोजी, भर पावसात पोकचा शपथविधी झाला. सॅम्युअल मोर्स स्वतः आपले यंत्र घेऊन मंचावर बसला होता आणि चाललेल्या प्रसंगाची वार्ता तारेवरून बाल्टिमोरला पाठवीत होता. यादीकारांचे हे आवडते चित्र. विज्ञान आणि लोकशाही शेजारी शेजारी! यातला अध्यक्ष गुलामांचा मालक होता. आणि हा वैज्ञानिक? यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६३ मध्ये, त्याने गुलामगिरी ही ईश्वरी योजना आहे असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. तारेत विद्युत् वाहते. तिला जात नाही, वर्ण नाही. कळ दाबणाऱ्या बोटाला मात्र असतो.

बारा वर्षांनी छायाचित्र आले. बुकॅननच्या १८५७ च्या शपथविधीचे ते चित्र धूसर आहे, माणसे मुंग्यांसारखी दिसतात, चेहरा एकही ओळखू येत नाही. तरी मला ते या इतिहासातील महत्त्वाच्या कागदपत्रांपैकी एक वाटते. त्या गर्दीत कुठेतरी शपथ देणारा सरन्यायाधीश टॅनी आहे. प्रदेशांतील गुलामगिरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, निकाल काहीही लागो, सर्व सज्जन नागरिकांप्रमाणे मीही तो आनंदाने मानीन, असे बुकॅननने भाषणात सांगितले. निकाल कसा लागणार हे न्यायाधीशांशी झालेल्या खाजगी पत्रव्यवहारातून त्याला आधीच कळले होते. दोन दिवसांनी, ६ मार्चला, त्याच टॅनीने ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल वाचला : आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज या देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत. कॅमेऱ्याला तो मंच दिसला, पत्रव्यवहार दिसला नाही. ‘आम्ही’ची खरी बैठक मंचावर भरत नाही, आधी भरते.

आता लिंकन. त्याच्याविषयी आपल्याकडे भक्तिभावाने लिहिले जाते आणि त्यातला काही भाग त्याला न्यायाने मिळालेला आहे. १८६१ चे त्याचे पहिले भाषण तारेने आणि जिथे तार संपते तिथून घोडेस्वारांच्या टप्प्यांनी सुमारे पावणेआठ दिवसांत पश्चिमेकडे पोहोचले. पोनी एक्स्प्रेसचा तो विक्रम आजही कौतुकाने सांगितला जातो. घोड्यांच्या पाठीवर नेमके काय होते? जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावण्याचा माझा हेतू नाही आणि पळून गेलेले गुलाम परत करण्याचे कलम मी पाळीन, ही ग्वाही! घोडे फेसाळेपर्यंत धावले ते मालकांचे मन शांत करण्यासाठी.

१८६५ चे दुसरे भाषण वेगळ्या जातीचे आहे. जेमतेम सातशे शब्द. तुलनेसाठी सांगायचे तर हॅरिसनने १८४१ मध्ये आठ हजार चारशेहून अधिक शब्द कडाक्याच्या थंडीत जवळजवळ दोन तास वाचले होते आणि महिन्याभरात तो वारला. (थंडीने वारला अशी दंतकथा, अलीकडचे संशोधन राजधानीतील दूषित पाण्याकडे बोट दाखवते.) तार आली म्हणून भाषणे लहान झाली असे कोणी सांगतात, मला ते पुरेसे वाटत नाही. लिंकनची वाक्ये लहान झाली कारण युद्धाने त्याच्याजवळची फाजील विशेषणे काढून घेतली होती. या भाषणात तो म्हणतो की चाबकाने सांडलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाचे मोल तलवारीने सांडलेल्या रक्ताने फेडावे लागले तरी तो ईश्वराचा न्यायच होय. कोणत्याही सत्ताधीशाने समारंभाच्या दिवशी आपल्याच राष्ट्राला असे ऋणको म्हणून उभे केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आणि तरीही! ज्यांचे रक्त सांडले ते या भाषणात तृतीयपुरुषी आहेत. लोकसंख्येचा आठवा हिस्सा गुलाम ‘होते’, ‘ते’ दक्षिणेत ‘होते’. त्या दिवशीच्या मिरवणुकीत काळे सैनिक प्रथमच चालत होते, गर्दीत काळी माणसे मोठ्या संख्येने उभी होती. भाषण त्यांच्यावर होते; त्यांच्याशी नव्हते.

फ्रेडरिक डग्लस त्या गर्दीत होता. संध्याकाळी तो अध्यक्षांच्या स्वागतसमारंभाला गेला तेव्हा दारावर पोलिसांनी अडवले. आत निरोप गेल्यावर प्रवेश मिळाला. लिंकनने सर्वांसमक्ष त्याला मित्र म्हणून हाक मारली आणि भाषण कसे वाटले ते विचारले. ते एक पवित्र कार्य होते, असे डग्लसने उत्तर दिले. दारावरचा अडथळा आणि आतील हस्तांदोलन या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या हे लक्षात घ्यावे. डग्लसला यंत्राची किंमत पुरेपूर कळत होती. काळ्या माणसाची विद्रूप चित्रे काढणाऱ्यांना उत्तर म्हणून तो आयुष्यभर छायाचित्रासाठी बसत राहिला. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेला अमेरिकन तो, असे अभ्यासक सांगतात. कॅमेऱ्यापुढे तो बहुधा न हसता बसतो. तो कॅमेऱ्याला शरण गेला नाही, त्याने कॅमेरा वापरला.

आता १८७३. ४ मार्चला ग्रँटचा दुसरा शपथविधी झाला. इतक्या थंडीत, की रात्रीच्या नृत्यसमारंभासाठी आणलेले पिवळे कॅनरी पक्षी पिंजऱ्यांतच गारठून मेले. त्या दिवशीचे भाषण आपण सर्वांनी एकदा वाचावे असे मला वाटते. त्यात ग्रँट म्हणतो, गुलाम मुक्त झाला, नागरिक झाला. परंतु नागरिकत्वाबरोबर यावयाचे हक्क त्याला मिळालेले नाहीत, हे चूक आहे, दुरुस्त झाले पाहिजे. इतके स्पष्ट विधान पुढे कित्येक दशके कोणा अध्यक्षाच्या तोंडून शपथेच्या दिवशी आले नाही. त्याच भाषणात थोडे पुढे तो वाफ आणि तार यांविषयी बोलतो : विचार आणि वस्तू यांची ने-आण इतकी वेगवान झाली आहे की विधाता हे जग एक राष्ट्र, एक भाषा होण्यासाठी तयार करीत असावा, आणि मग सैन्ये व आरमारे लागणार नाहीत. आणि त्याच भाषणात आदिवासी इंडियनांविषयी असे आहे, की त्यांना शिक्षण आणि सुधारणेच्या छायेत आणावे. ते नाही तर संहाराचे युद्ध, आणि असे युद्ध अनीतीचे आहे. तारेचे गोडवे, काळ्यांच्या हक्कांची कबुली आणि संहाराचा उच्चार, सगळे एका कागदावर.

सहा आठवडे गेले नाहीत तोच, १३ एप्रिलच्या ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायकचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्या माणसांची सशस्त्र गोऱ्या टोळीने कत्तल केली. कित्येकांना शरण आल्यावर मारले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत आहेत. तारेने ही बातमीही राजधानीत पोहोचवलीच. पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींच्या शिक्षा मोडीत काढल्या आणि १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यकारभारांना आधार देणारे संघराज्याचे सैन्य बराकीत परतले. ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना १ जून १८७३ची आहे. मुंबईला समुद्राखालची तार १८७० मध्येच जोडली गेली होती. जोतीरावांनी ज्यांना ग्रंथ अर्पण केला ते लोक खरेच होते : डग्लस होता, गुलामांना लपवून उत्तरेकडे नेणारे होते, युद्धात मेलेले होते. परंतु त्या लोकांचे राज्य मात्र त्याच वर्षी ढासळू लागले होते. अर्पणपत्रिका त्यामुळे खोटी ठरत नाही. ती कोणत्या अमेरिकेला उद्देशून आहे एवढे स्पष्ट होते.

पुढची चाळीस वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण यंत्र बदलले तरी चित्र तेच राहिले. १८९७ मध्ये मॅकिन्लेची मिरवणूक चलच्चित्रात आली, घोडे चालू लागले. आदल्याच वर्षी प्लेसी खटल्याने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली विटाळाला कायदेशीर रूप दिले होते. १९१३ मध्ये विल्सन आला. त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी संघराज्याच्या कचेऱ्यांतून काळ्या कर्मचाऱ्यांची टेबले वेगळी केली जाऊ लागली. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोहोचले.

कर्ण्याची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. १९२१ मध्ये हार्डिंगच्या भाषणाला प्रथमच ध्वनिक्षेपक लागले. शंभरावर वर्षे जी गर्दी ओठांची हालचाल पाहून परतत होती तिला शब्द ऐकू आले. हा बदल मी लहान मानीत नाही. पण पुढच्याच वर्षी, ३० मे १९२२ रोजी, हाच हार्डिंग लिंकन स्मारकाच्या उद्घाटनाला उभा होता. तिथे काळ्या निमंत्रितांना वेगळ्या, दूरच्या भागात बसवले होते. टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे एकमेव काळे वक्ते; त्यांच्या भाषणातील बोचरा मजकूर आयोजकांनी आधीच काढायला लावला. आवाज सर्वांपर्यंत पोहोचला, दोरीपलीकडेही. देवळाच्या शिखरावरचा कर्णा आमच्या वस्तीतही चांगला ऐकू येतो. म्हणून काही देऊळ आमचे झाले नाही.

१९२५ च्या मार्चमध्ये कूलिजचा आवाज रेडिओवरून देशभर गेला. त्याच वर्षीच्या ८ ऑगस्टला कू क्लक्स क्लॅनचे हजारो सदस्य पांढरे झगे घालून, तोंडे उघडी ठेवून, पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून चालत गेले. अध्यक्षांची मिरवणूक जाते तोच हा रस्ता. तोंड झाकण्याची गरज त्यांना वाटली नाही, इतका तो ‘आम्ही’ निर्धास्त होता.

तरी यंत्राच्या बाजूनेही एक साक्ष आहे आणि ती दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२९ मध्ये हूवरला शपथ देताना सरन्यायाधीश टाफ्ट एक शब्द चुकला. ‘संरक्षण’ या अर्थाच्या शब्दाऐवजी त्याने भलताच शब्द उच्चारला. रेडिओ ऐकणाऱ्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीने ती चूक पकडली आणि पत्र लिहून कळवली. बोलत्या वार्तापटाच्या ध्वनिमुद्रणावरून पडताळा झाला आणि सरन्यायाधीशाला चूक मान्य करावी लागली. यंत्राचे खरे मोल मला इथे दिसते. ते आवाज मोठा करते यात नवल नाही. ते नोंद ठेवते आणि त्या नोंदीवर खालच्या माणसाला बोट ठेवता येते.

हे मोल काळ्यांनी ओळखले होते. १९३९ मध्ये मेरियन अँडरसन या थोर गायिकेला वर्णामुळे राजधानीतील एका मोठ्या सभागृहात गाऊ दिले नाही, तेव्हा ९ एप्रिलला ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. समोर पंचाहत्तर हजार माणसे आणि रेडिओवर लाखो. सतरा वर्षांपूर्वी ज्या जागी दोरी बांधली होती त्याच जागी ध्वनिक्षेपकापुढे तिचा आवाज उभा राहिला. आयझेनहॉवरच्या १९५७ च्या आणि केनेडीच्या १९६१ च्या शपथविधीत राष्ट्रगीत तिनेच गायिले. समारंभाने तिला बोलावले ते तिने समारंभाबाहेर आपली जागा निर्माण केल्यानंतर. हा क्रम उलटा करून सांगण्याची प्रस्थापितांची सवय आपल्याला परिचयाची आहे.

१९४९ मध्ये दूरचित्रवाणी आली. ट्रुमनच्या आग्रहाने त्या समारंभात काळे पाहुणे निमंत्रित होते. पण राजधानीतील उपाहारगृहांची दारे सर्वोच्च न्यायालयाने उघडली ती १९५३ मध्ये. १९६१ च्या केनेडीच्या भाषणाचे वाङ्मयीन गुण मला मान्य आहेत. छोटी, तोललेली, उलटसुलट रचनेची वाक्ये. पडद्यावर चेहरा जवळून दिसणार हे ओळखून लिहिलेली. पण जवळजवळ सबंध भाषण परराष्ट्रांविषयी आहे. मानवी हक्कांच्या वाक्यात ‘देशात’ एवढा उल्लेख आला तोही नागरी हक्कांचे काम पाहणाऱ्या हॅरिस वॉफर्डने आग्रह धरला म्हणून. जगाच्या स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या भाषणात देशातल्या काळ्या माणसाच्या वाट्याला इंग्रजीतले दोन शब्द! रंगीत चित्रण झालेला हा पहिला शपथविधी. मिरवणुकीतून तटरक्षक दलाच्या अकादमीची तुकडी गेली तेव्हा तीत एकही काळा चेहरा नाही हे केनेडीच्या ध्यानात आले आणि त्याने लगेच विचारणा केली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. चार महिन्यांनी अलाबामात स्वातंत्र्ययात्रींची बस जाळली गेली. त्या जळत्या बसचे कृष्णधवल छायाचित्र जगभर छापले गेले आणि समारंभाच्या रंगीत चित्रणापेक्षा कितीतरी अधिक काम करून गेले.

वीस वर्षांनी रीगनने समारंभ कॅपिटॉलच्या पश्चिम बाजूला, विस्तीर्ण मैदानाकडे तोंड करून घेतला. चित्र भव्य झाले. १९९७ मध्ये इंटरनेट आले. २००९ पर्यंत मला थांबायचे कारण नाही.

२० जानेवारी २००९. अंदाजे अठरा लाख माणसे. बराक ओबामा लिंकनच्या बायबलावर हात ठेवून उभा. आमच्यापैकी अनेकांनी ते दृश्य पाहिले आणि त्या क्षणी ‘वुई’चा अनुवाद ‘आपण’ असाच व्हावा असे वाटले. समुद्रापलीकडूनही तसे वाटले. शपथ देताना सरन्यायाधीशाने एक शब्द जागेवरून हलवला, साऱ्या जगाने ऐकले आणि दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा घ्यावी लागली. वाद्यवृंद वाजला तो मुळात आधी मुद्रित केलेला होता, थंडीत वाद्ये सुरात राहणार नव्हती. हे सारे ठीक. भाषणाकडे येऊ. पूर्वजांच्या कष्टांची एक मालिका त्यात आहे : आपल्यासाठी ते कारखान्यांत घामाघूम झाले, त्यांनी पश्चिम वसवली, चाबकाचा मार सोसला, कठीण जमीन नांगरली. एका वाक्यात चारही! पश्चिम वसवली ती कोणाला उठवून, हे वाक्य विचारीत नाही. आणि चाबूक पाहा. लिंकनच्या भाषणात चाबूक हे राष्ट्रावरचे कर्ज होते, रक्ताने फेडायचे. एका काळ्या अध्यक्षाच्या भाषणात तोच चाबूक ‘आपल्यासाठी’ सोसलेला त्याग झाला. ‘ते’ आणि ‘आपण’ जोडले गेले खरे, पण जोडताना देणे पुसले गेले. आमच्या आईबापांच्या वेठीला ‘गावाची सेवा’ म्हणणारी भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा बदल खटकल्याशिवाय राहणार नाही. ओबामाला दुसरे काही म्हणता आले असते का, हा प्रश्न मी मोकळा ठेवतो. मंच त्याचा होता. वाङ्मयप्रकार त्याचा नव्हता.

ज्या इमारतीपुढे तो उभा होता तिच्या बांधकामात गुलामांचे श्रम होते. १८५७ पासून प्रत्येक यंत्राने ही इमारत टिपली. श्रम करणाऱ्यांचा पत्ता मात्र लागतो तो सर्वांत जुन्या यंत्रातून, शाई आणि कागदातून : ‘निग्रोंची मजुरी’ म्हणून काढलेल्या पावत्यांतून. पावतीवर गुलामाचे नुसते पहिले नाव, आणि पैसे घेणारा म्हणून मालकाची सही. त्यांच्या आधारे काँग्रेसच्या आदेशावरून २००५ मध्ये अहवाल झाला आणि २०१२ मध्ये इमारतीत स्मृतिशिला बसली.

ओबामानंतरच्या तीन शपथविधींपैकी दोन मी ओझरते घेतो. २०१७ मध्ये गर्दी किती होती यावर उंचावरून काढलेल्या छायाचित्रांसमोर उभे राहून सरकारच खोटे बोलले. २०२१ मध्ये साथीमुळे आणि दोन आठवड्यांपूर्वी कॅपिटॉलवर झालेल्या हल्ल्यामुळे मैदानात माणसांऐवजी जवळजवळ दोन लाख झेंडे रोवले होते आणि भोवती पंचवीस हजार सैनिक होते.

तिसरा २० जानेवारी २०२५चा. थंडीचे कारण देऊन समारंभ कॅपिटॉलच्या घुमटाखाली, आत नेला गेला. वॉशिंग्टनच्या भाषणाप्रमाणे दालनात. बाहेरच्यांना पडदे होते. आत, नियोजित मंत्र्यांच्याही पुढे, मेटाचा झुकरबर्ग, ॲमेझॉनचा बेझोस, गूगलचा पिचाई आणि एक्सचा मालक मस्क बसले होते. १८४५ मध्ये मंचावर यंत्र घेऊन बसलेल्या मोर्सजवळ निदान एकच तार होती. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीचा होता. भाषणात त्यांचे नाव घेतले गेले आणि त्यांचे स्वप्न ‘आम्ही’ खरे करू असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारीला, लिंडन जॉन्सनने २४ सप्टेंबर १९६५ रोजी काढलेला आदेश क्रमांक ११२४६ रद्द झाला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना भरतीत वर्णभेद करण्यास मनाई करून वंचितांना संधी देण्याची सक्ती त्या आदेशाने साठ वर्षे केलेली होती.